गोजर मसाल्याची सही

शहापुरात वकिलाच्या ऑफिसात मी नंबराची वाट बघत बसलो होतो. माझ्या पुढे मायलेक होते. 'गोजर मसाला' या नावाचा ट्रेडमार्क एका कंपनीला कायमचा विकायला ते आले होते.

"आई, कर सही. कंपनीचा माणूस खाली गाडीत बसलाय."

"थांब रे आदेश. वकीलसाहेब, सही केल्यावर मी मसाला कुटला तर चालंल?"

"कुटा की, मावशी. फक्त पाकिटावर 'गोजर' लिहायचं नाही."

"अवो, माझंच नाव गोजर हाय."

"तुम्ही गोजरच राहाल. मसाल्याचं नाव मात्र कंपनीचं होईल."

"नि बचत गटातल्या आमच्या अकरा बाया?"

"आई, कंपनी मशीनवर मसाला करणार. बायांचं काम नाय तिथं."

"धा वर्षं मिरच्या भाजताना त्या खोकल्यात. मशीन नाय खोकली."

"मला वाशिंदला दुकान टाकायचंय, आई."

"टाक की. आपलाच मसाला ठेव त्यात. वकीलसाहेब, हे नाव माझ्या नि त्या अकराजणींच्या मालकीचं करता येतं का? सगळ्यांचं सारखं?"

"येतं. पण मग तुम्हाला एकटीला ते कधी विकता येणार नाही. बाराजणींच्या सह्या लागतील."

"तेच पायजे मला. लिवा."

"आई! खालच्या माणसाला काय सांगू मी?"

"सांग, नाव नाय मिळणार. मसाला पायजे तर बाजाराच्या दिवशी मुरबाडला ये नि रांगेत उभा राहा."