भोपळ्याला सलाम

ऋतिका : आबा, खिसे उलटे करा.

पोपटराव : माजी सरपंचाची झडती घेती व्हय गं?

ऋतिका : निघाले ना शेंगदाणे? द्या इकडं. रोज पिंजऱ्याशी येता आणि रुद्रला गुपचूप चारता. माकड आहे ते, मतदार नाही.

पोपटराव : फुकट न्हाई देत. आधी त्यो सलाम ठोकतो, मंग मी देतो. रीत हाय.

ऋतिका : ती रीत मदाऱ्यानं लावली, दोरी ओढून ओढून. त्याच्याकडून सोडवून आमच्या प्राणी केंद्रात आणून वर्ष झालं, सलाम सुटत नाही. मी भुसकटात दाणे पुरते, बांबूच्या नळीत गूळ चिकटवते. का? तर यानं हुंगावं, उकरावं, डोकं चालवावं. काल भोपळा पोखरून आत खाऊ भरून ठेवला, तर यानं भोपळ्याला सलाम केला.

पोपटराव : मंग?

ऋतिका : भोपळ्यानं काही दिलं नाही.

पोपटराव : निवडून आला असंल.

ऋतिका : हसू नका. डॉक्टर पलीकडं उभे आहेत. आज स्वतः शोधून खाल्लं तरच टोळीत सोडणार, नाहीतर जन्मभर इथं एकटा. टोळीत सलाम करून कोण देणार त्याला?

पोपटराव : मी सरपंच व्हतो तवा सगळं घरपोच दिलं लोकांना.

ऋतिका : आणि आता?

पोपटराव : आता वडगाव रासाईत पारावरनं निघालो की समदी मोबाईलमंदी बघत्यात. ह्यो एकटाच सलाम करतो, पोरी.

ऋतिका : माहितीये आबा. म्हणून तर तुम्हाला हाकललं नाही.

पोपटराव : भोपळा आमच्याच रानातला हाय, म्हणून न्हाई हाकललं. आत काय भरलंयस?

ऋतिका : डाळिंबाचे दाणे. सोडते त्याला.

(लोखंडी दार सरकतं.)

पोपटराव : आला! सरळ माझ्याकडंच. हात कपाळाला बघ कसा!

ऋतिका : आबा.

पोपटराव : काय करू मंग?

ऋतिका : तुम्ही ठरवा.

पोपटराव : ...घे. फिरवली पाठ. आता सांग, काय करतोय?

ऋतिका : तुमच्या पाठीला सलाम करतोय.

पोपटराव : चिकाटी हाय गड्याला. आता?

ऋतिका : थांबला. भोपळ्याकडं निघाला.

पोपटराव : आन् सलाम?

ऋतिका : केला. भोपळ्याला.

पोपटराव : भोपळ्या, लेका, काय बी देऊ नगंस.

ऋतिका : हुंगतोय... आबा, हात घातला आत!

पोपटराव : दाणं?

ऋतिका : तोंडात. परत घातला हात. आता डोकंच घातलंय.

पोपटराव : अडाकलं?

ऋतिका : निघालं. भुसकट उकरायला लागलाय. डॉक्टरांनी मान डोलावली.

पोपटराव : वळू का?

ऋतिका : वळा.

पोपटराव : ...माझ्याकडं बघत बी न्हाई की.

ऋतिका : नाही.

पोपटराव : बेस झालं.

ऋतिका : मग तुम्ही का कपाळाला हात नेलाय?

पोपटराव : ऊन येतंय डोळ्यावर.

ऋतिका : आभाळ भरून आलंय, आबा.