हा कार्बोरेटर कुणाचा?

न्हाई, मला कशाला उभं केलंय, हे आधी सांगा! हास्यक्लब तुमचा, हसायचं तुमाला, आणि इज्जत जायची माझी? ही कुसुमताई, आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाची सेक्रेटरी, सकाळी सकाळी हा हा ही ही करून दमली की हिला माझी आठवण येती. "मारुतराव, ते कार्बोरेटरचं सांगा ना!" अहो बाई, ती काय गंमत हाय का? बत्तीस वर्षं गेली माझी त्याच्यात! बरं, सांगतो. पण मधी कुणी हसायचं न्हाई. हसायचं ते घरी जाऊन, दार लावून.

तर झालं असं की आमचा ओंकार. चाकणला कंपनीत हाय, मोठा साहेब, घरी आल्यावर पण साहेबच. तो मला म्हणला, "बाबा, खालची स्कूटर रविवारी जाणार. भंगारवाल्याला सांगितलंय. तिथं नवी गाडी लावायचीय." चौऱ्याऐंशी सालची स्कूटर! नंबर लावल्यावर सहा वर्षांनी मिळालेली! आख्ख्या थेरगावात तवा चार स्कूटरी, त्यातली एक माझी. पण तुमाला खरं सांगतो, माझा जीव स्कूटरवर न्हाई. गंजली, टायर गेलं, सीटवर मांजर व्याली, मी काय बोललो? माझा जीव हाय तो आतल्या कार्बोरेटरवर. आता कार्बोरेटर मंजी काय, ते ठाऊक न्हाई असा इथं कोण हाय? हात वर करा... शालनबाई, तुमी? बरं. इंजिनाचा सैपाकी समजा. पेट्रोल आणि हवा कालवायची आणि इंजिनाला भरवायची. किती पेट्रोल घालायचं ते याच्या हातात. बास, एवढंच.

तर तो कार्बोरेटर मंजी माझा पुरावा. कशाचा? मालोजीनं केलेल्या चोरीचा!

मालोजी मंजी आमच्या गोजाबाईचा भाऊ, माझा मेव्हणा. त्र्याण्णव साली त्याचं लग्न जमत नव्हतं. आला, म्हणला, "दाजी, पोरी बघायला जायचंय, आठ दिवस स्कूटर द्या." दिली. आठ दिवसांत पाच पोरी बघून आला, एक पण पसंत न्हाई. मंजी त्याला पसंत होत्या, तो त्यांना नव्हता. स्कूटर परत आली आणि पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आलं, गाडी पेट्रोल प्यायला लागली! लिटरला पंचेचाळीस देणारी गाडी तीसवर! मी ओळखलं. म्हणलं, ह्यानं माझा चांगला कार्बोरेटर काढला आणि कुठलातरी भिकार बसवला. पुढं त्याचं एकदाचं जमलं, तवा तसं तोंडावर बोललो त्याला, त्याच्याच लग्नात, पंगतीत. तर तो चाळीस माणसांत काय म्हणला? बाशिंग सारखं करत म्हणला, "दाजी, गाडी न्हाई पेट्रोल पीत. तुमचा संशय पितो!" पंगत हसली. वाढपी हसला! मी ताटावरनं उठलो ते उठलो. बत्तीस वर्षं त्याच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई. भाऊबीजेला गोजाबाई एकटी जायची. मी घरी पिठलं करून खायचो.

आता सांगा, ही स्कूटर भंगारात गेली तर पुरावा गेला का न्हाई? मंजी मी मरेपर्यंत संशयी म्हातारा, आणि तो गंगेवानी निर्मळ! मी पाना घेतला, खाली बसलो आणि कार्बोरेटर काढला. रविवारच्या आत याचं कूळ शोधायचं. कुठल्या गाडीचा, कुठल्या कंपनीचा, माझ्या स्कूटरचा न्हाई एवढं एकदा कुणी लिहून दिलं की तो कागद मालोजीच्या तोंडावर!

आमच्या गावात एक पद्धत हाय. अनोळखी पोरगं दिसलं की त्याला नाव इचारत न्हाईत. "कुणाचा रं तू?" असं इचारतात. बापाचं नाव कळलं की आजाचं कळतं, घर कळतं, शेत कळतं, आजानं कुणाच्या बांधावर भांडण केलं होतं ते पण कळतं. तसं मी त्याला घासलेटानं धुतला, पुसला, उन्हात धरला आणि इचारलं, हां बोल, कुणाचा रं तू? तर अंगावर कंपनीचं नाव न्हाई! गाव न्हाई! नुसते बुडाला चार आकडे ठोकलेले, २१७४, ते पण वाकडेतिकडे. पण मला सांगा, हा हाय कुणाचा?

सून म्हणली, "थांबा बाबा, मी फोटो काढून शोधते." नेहा चांगली हाय हो, माझं ऐकून तरी घेती. तिनं फोन वर धरला, फोटो काढला, फोननं इचार केला आणि सांगितलं... काय सांगितलं माहितीये? शॉवरचा नळ! मी म्हणलं, मंग काय, याच्याखाली बसून आंघोळ करू का? ती म्हणली, "बाबा, जरा दुसऱ्या बाजूनं धरा." दुसऱ्या बाजूनं धरला तर देवघरातली समई! तिसऱ्या बाजूनं मी धरलाच न्हाई. मंग २१७४ टाकून बघितलं. कुणाच्या तरी फ्लॅटचा नंबर निघाला, विकायला काढलेला, वास्तूप्रमाणे.

मंग तिनं तो जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा ग्रुप असतो ना, त्याच्यात टाकला. मला वाटलं, कोण बघणार? तर सकाळी एकशेबारा उत्तरं! एकशेबारा! मी आजारी पडलो तवा चार फोन आले होते. कोल्हापूरचा एक म्हणतो, "वरचं धड स्कूटरचंच आहे, शंभर टक्के." नागपूरचा म्हणतो, "डोळे तपासा, खालची वाटी मोपेडची आहे." मंग कोल्हापूरचा नागपूरला म्हणतो, "तुला काय कळतं रे," मंग नागपूरचा कोल्हापूरच्या आईवर गेला, मंग तिसरा आला आणि म्हणला, "दादा, विकणार का?" मंग चौथा, त्यानं नुसते हात जोडलेले. त्या हातांचं मी काय करू? एवढी माणसं, एवढा अभ्यास, पण मला सांगा, हा हाय कुणाचा?

शुक्रवारी डांगे चौकाकडं गणराजच्या दुकानात गेलो. स्पेअर पार्टचं दुकान, बापाच्या वेळचं. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, कार्बोरेटर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, हुंगला! खोटं न्हाई सांगत, हुंगला! मंग खोलला, आतली पितळेची बारकी जेट काढली, ज्याच्या भोकातनं पेट्रोल येतं ती, आणि उजेडाकडं धरून बघत बसला. मी म्हणलं, काय रं?

"काका, ही जेट कुठल्याच कंपनीची नाही."

"मंजी?"

"मंजी ही बाजारातली नाहीच. ही कुणीतरी लेथवर हातानं काढलीय. बघा, काय फिनिश आहे! हे टूलरूमच्या माणसाचं काम. तुमच्या ओळखीत कुणी जुना टर्नर आहे का?"

टूलरूम! लेथ! मी स्वतः पिंपरीला कंपनीत एकतीस वर्षं काढलेली, पेंट शॉपला. आमच्या टूलरूमला एकच असा टर्नर होता, भीमराज. पिंपळे गुरवला राहतो. त्याची कस्तुरा आणि आमची गोजाबाई एकाच शिवणक्लासाला होत्या. म्हणलं, भीमराज नुसता हात लावून सांगंल. रिक्षा केली, गेलो.

भीमराजनं दार उघडलं. "या मारुतराव! किती वर्षांनी! कस्तुरा, चहा टाक." मी म्हणलं, चहा मागनं, आधी हे बघ. आणि पिशवीतनं कार्बोरेटर काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, अंगठा बुडावरनं फिरवला, त्या आकड्यांवरनं, आणि त्याचा चेहरा... कसा सांगू? हरवलेलं लेकरू जत्रेत सापडल्यावर बापाचा होतो तसा झाला.

"हे अजून चालतंय?" म्हणला.

"चालतंय मंजी? तू वळखतो याला? हा नंबर कुठल्या गाडीचा?"

"गाडीचा? अहो मारुतराव, पेंट शॉपला होता तुम्ही, तुम्हाला काय माहीत! टूलरूममध्ये हातातून जे जाईल त्याच्यावर पंच मारायचा. रिजेक्शन आलं तर कुणाचं ते कळायला पाहिजे. हा कामगाराचा टोकन नंबर आहे."

"कुणाचा?"

"माझा."

आता इथं कुणीतरी हसलं. कोण हसलं? मी आधीच सांगितलं होतं!

मी म्हणलं, भीमराज, मंजी मालोजीनं तुझ्याकडनं बनवून घेतला? तर तो माणूस छताकडं बघायला लागला. आतनं कस्तुराबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी कार्बोरेटर बघितला, कप ठेवला आणि पदर तोंडाला लावून परत आत! मी म्हणलं, बोल की रं!

"मारुतराव, वहिनींनी शपथ घातली होती."

वहिनी! मंजी गोजाबाई! मंग भीमराजनं एकेक सगळं सांगितलं. तुमाला सांगतो, त्र्याण्णव साली स्कूटर परत आल्यावर मीच कार्बोरेटर साफ करायला काढला, घासलेटात भिजत घातला, जुन्या वाटीत, मागच्या दारी. आणि तळेगावला मयतीला गेलो, दोन दिवस. इकडं दारावर भांडीवाली आली. आमच्या हिनं फुटका स्टोव्ह, तोटी आणि ते घासलेटातलं कायतरी, सगळं मोडीत घातलं आणि स्टीलचं पातेलं घेतलं! माझा कार्बोरेटर मोडीत! पातेल्यावर! मंग कळलं तशी रडत कस्तुराकडं. भीमराजनं एका स्कूटरचं धड, एका मोपेडची वाटी जमवली, जेट स्वतः काढली, भोक जरा मोठंच पडलं, आणि सवयीनं बुडाला पंच ठोकला. मंजी कोल्हापूरवाला पण बरोबर, नागपूरवाला पण बरोबर, त्यांनी उगाच एकमेकांच्या आया काढल्या! मी मयतीवरनं आलो तर वाटीत कार्बोरेटर लखलखीत. मी गोजाबाईला काय म्हणलो असंल? "बघ, घासलेटानं कसा निघाला!" आणि माझ्या हातानं बसवला... माझ्या ह्या हातानं!

घरी आलो. ती भाजी निवडत होती. मी कार्बोरेटर तिच्या म्होरं ठेवला. म्हणलं, हा कुणाचा?

बघितलं न बघितल्यासारखं केलं. "गावला व्हय," म्हणली.

"अगं, बत्तीस वर्षं तू गप्प बसलीस?"

"तुमी इचारलं कधी? तुमी म्हणायचा, मालोजीनं केलं. मी म्हणायची, मालोजीनं न्हाई केलं. यात खोटं काय बोलले?"

वकिलाला तरी असं बोलता येईल का?

दुसऱ्या दिवशी गेलो मालोजीकडं. जावंच लागलं. बत्तीस वर्षांनी त्याच्या दारात उभा राहिलो. म्हणलं, मालोजी, चुकलं माझं. केस पांढरे झालेत त्याचे, मला ठाऊकच नव्हतं. तो म्हणला, "दाजी, आत या. मला म्हाईत होतं की."

"काय म्हाईत होतं?"

"ताईनं त्याच आठवड्यात सांगितलं. म्हणली, दाजींना कळलं तर पातेलं रोज उगाळतील जन्मभर, तू जरा ऐकून घे. म्हणलं ऐकतो. बहीण हाय. पण दाजी, ते पंगतीतलं मी बोलायला नको होतं. तेवढी माफी करा."

म्हणलं, भाऊबीज चुकवली मी बत्तीस. तर म्हणतो, "बरं झालं. तुमच्या वाटणीचे लाडू मीच खाल्ले." त्याच्या बायकोला म्हाईत, ओंकारला म्हाईत, नेहाला लग्नाच्या आधी सांगितलेलं! तरी ती पोरगी शॉवरचा नळ म्हणून माझ्याबरोबर शोधत बसली! आख्ख्या खानदानात एकटा मी, ज्याला ठाऊक न्हाई की हा हाय कुणाचा!

रविवारी भंगारवाला आला. ओंकार मला बघत होता, म्हातारा आता आडवा पडतोय म्हणून. मी म्हणलं, घेऊन जा रं बाबा. पुरावाच माझ्यावर उलटला, आता गाडी ठेवून करू काय? स्वतः हात लावून टेम्पोत चढवली. कार्बोरेटर तेवढा भीमराजला देऊन आलो. त्याचा टोकन नंबर, त्याच्याकडं गेला.

आता हिशोब लावला तर मी मालोजीची माफी मागितली, मालोजीनं माझी मागितली, भीमराजनं चहावर मागितली, कस्तुराबाईंनी हसण्याबद्दल वेगळी मागितली, नेहा तर रोज मागती. राहिली कोण? जिनं हे सगळं रामायण केलं आणि जी आत्ता तिथं मागच्या रांगेत बसून, डोळे पुसत, सगळ्यांत मोठ्यानं हसतीय... ती बघा, आमची गोजाबाई!