उन्हात वाळवलेलं जर्मन

…आणि सेल काय पापड आहेत का हो, गच्चीवर वाळत घालायला? पण आमच्या राजारामपुरीच्या घरात तेच चालतं. टॉर्चमध्ये दम संपलेले सेल तात्यासो, म्हणजे माझे वडील, दिवसभर उन्हात ठेवतात आणि संध्याकाळी माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये भरतात. नवे आणा म्हटलं की एकच उत्तर, "अजून जीव हाय त्यात." बरं, विजेवर लावते म्हटलं तर, "झटका बसंल. मग कोण करून घेणार तुला?"

तुम्हाला सांगते, मी बी.एस्सी. झालेली मुलगी. पुण्याची जर्मनची परीक्षा पास झाले तर तिथल्या कारखान्यात नोकरी, नाही तर गडमुडशिंगीचं स्थळ. तात्यासोंनी तसा शब्दच घेतलेला. इथं शिकवणारं कुणी मिळेना, म्हणून पुस्तक आणि कॅसेट मागवली. पुस्तकात लिहिलेलं, ऐका, थांबवा, हुबेहूब तसंच म्हणा. म्हणत होते की मी. कॅसेटमधला बाबा विहिरीच्या तळातून बोलावं तसा बोलायचा, "गूऽऽटन… टाऽऽग…" मला वाटलं, जर्मन माणसं गंभीरच असणार. रोज तो आणखी खाली, आणखी सावकाश… आणि माझा आवाज त्याच्या मागोमाग. दिवेलागणीला माझ्याच अंगावर काटा यायचा. एकदा शेजारच्या रत्नाबाई दारातच थबकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हलकेच णमोकार मंत्र म्हणायला लागल्या. आईला म्हणतात, "पाणी घाला की तोंडात, कशाला तळमळत ठिवलाय?" तात्यासो आतून, "न्हाय, न्हाय, अजून जीव हाय त्यात." रत्नाबाई खालीच बसल्या.

तर परीक्षा. तिथल्या बाईंनी कॅसेट लावली आणि काय सांगू… आतली मुलगी अशी बोलत सुटली, जणू हिची शेवटची एसटी निघाली आहे. एक अक्षर कळेल तर शपथ. मला वाटलं यांचं मशीन बिघडलंय, आणि तसं बोलूनही गेले. बाई म्हणाल्या, "मशीन ठीक आहे. राहू दे, तू आपली ओळख करून दे." दिली ना. एकही चूक नाही. हुबेहूब, खर्जात, थांबत थांबत, "इऽऽश… हाऽऽयसं… चंऽऽदना…"

बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, माझ्या हातावर हात ठेवला. "बाळ, घरी कोणी गेलंय का?"

मी म्हटलं, "अजून नाही, मॅडम. गडमुडशिंगीची माणसं रविवारी यायची आहेत."