खंडेनवमी आणि अडकलेली डिकी

तुमचे वडील हट्टी म्हणता? मग आमच्या अप्पांचं ऐका. चिंचवडला त्यांचं गॅरेज. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी पान्ह्यांपासून पेचकसापर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा केली. दुपारी पिंपरीच्या नव्या कारखान्यात माझी नोकरीची मुलाखत. माझी बी.एस्सी.ची प्रमाणपत्रं चुरगळू नयेत म्हणून अप्पांनीच ती आमच्या जुन्या गाडीच्या डिकीत ठेवली. मुलाखतीचं पत्र आत ठेवायचं राहिलं म्हणून मी पुन्हा उघडायला गेले, तर खटका अडकलेला!

“अप्पा, पेचकस घ्या ना!”

“पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही.”

“म्हणजे तुमच्या पेचकसाला सुट्टी, आणि मी जन्मभर घरी बसू?”

“अगं, मी काय तुझा वैरी आहे?” असं म्हणत ते नुसत्या हातांनी झाकण ओढत राहिले. नख तुटलं, रक्त आलं, पण पाटाकडे वळले नाहीत. मी रागाने रडायच्या बेतात.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली. “याची पूजा कुणी केलेली नाही. चालेल?”

अप्पांचा चेहरा असा खुलला! फटीत उलथन्याचं पातं सरकवून त्यांनी खटका उचलला आणि डिकी उघडली. मुलाखत वेळेवर झाली, नोकरीही लागली.

पण त्या दुपारी मी मुलाखतीला निघताना अप्पा उलथनं धोतराला पुसत म्हणाले, “पुढच्या वर्षी हेही पाटावर मांडू हं.”

“मांडा की,” आई म्हणाली. “आणि त्या दिवशी तव्यावरच्या पोळ्या तुम्ही उलटा. बोटांनी.”