पत्र्यातले कण आणि काकांचा हात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, ग्राहक कंपनीचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले दाबकाका, पहिल्या रांगेतल्या काकू आणि सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी मोजूनमापून बोलणारी आहे असं तुम्ही म्हणता. आज ते जमेलसं वाटत नाही.

काकांनी एकतीस वर्षं पत्रे दाबायची प्रेस चालवली. पण मला बोलायचंय ते मागच्या वर्षातल्या तीन आठवड्यांबद्दल. ते प्रेसवर नव्हते, तेव्हाच्या.

आपण व्हीलचेअरची बैठक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत करायला घेतली. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा एक तृतीयांशानं हलकी! पण हा पत्रा थंड असताना वळतच नाही, म्हणून तो तापवून दाबायचा. इंजिनिअर म्हणून मी सूचना काढली: बारा पत्रे एकदम भट्टीत ठेवा, सगळे सारखे तापू द्या, मग एकेक काढून दाबा.

बैठका कोपऱ्यात फुटू लागल्या. मी अहवालात लिहिलं, ‘कारण: ऑपरेटरची चूक.’ काकांना पॅकिंगला बसवलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. काकू, त्या दिवसांत घरी काय झालं असेल, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

काकांनी भांडण केलं नाही. फुटलेल्या आणि चांगल्या अशा बारा बैठका त्यांनी माझ्या टेबलाशी आणून ठेवल्या. प्रत्येकीवर खडूनं दाबल्याच्या क्रमाचा आकडा.

“बाई, पहिल्या सहा बघा. एकही फुटलेली नाही. शेवटच्या चार? चारही गेल्या. माझा हात काय तासाभरात म्हातारा होतो?”

मी म्हटलं, “काका, योगायोग असेल.”

“तीन दिवस रोज? मग योगायोगाचं कार्ड पंच करा, पगारावर घ्या त्याला!”

हसू नका, तेव्हा मला राग आला होता. त्या रागातच मी दोन नंबरचा आणि अकरा नंबरचा तुकडा कापला, घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

काय सांगू तुम्हाला! धातू बाहेरून एकसंध दिसतो, पण आत तो कणांचा बनलेला असतो. मॅग्नेशियमचा एकेक कण भलता हट्टी, ठरावीक दिशांनाच सरकतो. कण बारीक असले की वळण्याचा भार पुष्कळांत वाटला जातो. मोठे असले की तो थोड्यांवर पडतो आणि पत्रा तिथंच फाटतो. दोन नंबरमध्ये कण होते नऊ मायक्रॉनचे. अकरामध्ये? तेवीस! एक बैठक दाबायला पाच मिनिटं, म्हणजे अकरावा पत्रा आपली पाळी येईपर्यंत पाऊण तासाहून जास्त वेळ भट्टीत बसला होता. तेवढ्या वेळात त्याचे कण वाढले होते. आणि त्याला तिथं बसवलं होतं मी.

मी पॅकिंगकडे पळत गेले. मला पळताना पाहून कुणीतरी आग लागली म्हणून ओरडलं!

त्या दुपारी भट्टीत एका वेळी दोनच पत्रे ठेवले, आणि प्रेसवर काका. बारापैकी बारा पास! मी टाळ्या वाजवल्या, शिट्टीही. काका एवढंच म्हणाले, “बाई, हेल्मेट नीट घाला.”

पण अहवाल तसाच राहिला. सगळे म्हणाले, आता काम झालं, कशाला उकरता? मलाही ते सोयीचं होतं. आठ महिने फाइलमध्ये चूक काकांच्या नावावर होती.

आज सकाळी मी सुधारित अहवाल पाठवला. पाहुण्यांकडेही प्रत आहे. ‘कारण: पत्रे भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवण्याची सूचना. सूचना देणारी: मी.’ सही केलेली ही प्रत, काका, तुमची.

आयोजकांचे आभार, आणि पाचाची आठ मिनिटं झाली तरी चिठ्ठी न पाठवणाऱ्या अध्यक्षांचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. अहवालातल्या चुकीची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती काका-काकूंकडे मागते.