एकशेचाळीस वॅट आणि उचगाव फाटा

(रविवारची सकाळ. बेळगावहून शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुळगा मागे टाकून दोन सायकली शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीवर बँकेतले शामूकाका, दुसरीवर त्यांची पुतणी ऋतिका, शाळेत खेळाची शिक्षिका.)

ऋतिका : एकशेचाळीस म्हटलेलं की न्हाय काका? दोनशे दहा दिसालंय तुमच्या मीटरवर.

शामूकाका : चढ लागलाय गं. चढाला जोर लावाय नको?

ऋतिका : नको. चढाला बी एकशेचाळीस वॅट, उताराला बी एकशेचाळीस. पायातला जोर तेवढाच ठेवायचा. वेग कमी झाला तर होऊ दे.

शामूकाका : आणि तो बघ दूधवाला, दोन्हीकडं किटल्या बांधून पुढं गेला. त्याला बी जाऊ दे म्हणतीस?

ऋतिका : जाऊ दे की. त्याला आज डेअरी गाठायची हाय, तुमाला पुढल्या खेपेला निपाणी.

शामूकाका : अख्खी ब्रँच माझ्या सहीवर चालतीया, आणि मी किटलीवाल्याच्या मागं?

ऋतिका : सही पॅडलला कळत न्हाय. गेल्या खेपेला बी असंच. संकेश्वरापर्यंत वाघ, आणि तवंदी घाटात शेळी. निपाणी हाताशी आलेली, आणि तुमी सायकल टेम्पोत घालून माघारी. काकूला मात्र सांगितलं, पंक्चर झालं म्हणून.

शामूकाका : पंक्चर झालंच हुतं.

ऋतिका : व्हय, तुमचं.

शामूकाका : हसून घे. तुझं ऐकून हे मीटर बसवलं. आता मीटर म्हणतंय तसे पाय हलवायचे, डॉक्टर म्हणतोय तसं जेवायचं, तुझी काकू म्हणतीया तसं बोलायचं. माणसानं स्वतःच्या मनानं काय करायचं मग?

ऋतिका : दम धरायचा. तेवढं एक कोण तुमच्या वतीनं करत न्हाय. बरं, तुमचा गेल्या रविवारचा ग्राफ बघितला मी मोबाईलवर. घरापासनं सुळग्यापर्यंत कसा गुळगुळीत, आणि उचगाव फाट्यावर एकदम चारशे. त्याच्या आदल्या रविवारी बी तिथंच. येताना बी तिथंच. फाट्यावर काय लुटारू बसत्यात?

शामूकाका : कुत्री हाईत तिथं. अंगावर येत्यात.

ऋतिका : एकच कुत्रं हाय, आमचं. तुमाला वळखतंय, शेपूट हलवतंय. कुत्र्याच्या मागं कट्ट्यावर आप्पा बसलेला असतोय, ते बोला की.

शामूकाका : तुझ्या बापाचं नाव काढू नको. माझ्या पोराच्या, सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला आला न्हाय. तू तेवढी एकटी आलतीस. मांडवात जो तो विचारतोय, थोरला भाऊ कुठं? मी काय सांगायचं? मीटिंगला गेलाय?

ऋतिका : सांगायचं, भावाला पत्रिका मोबाईलवर धाडली म्हणून. ती बी बँकेच्या समद्या लोकांना धाडली तीच. 'प्रत्यक्ष येणे शक्य न झाल्याने हेच अगत्याचे निमंत्रण समजावे.'

शामूकाका : लग्नघर हुतं गं. गडबड लई हुती तवा.

ऋतिका : तवा बी दर रविवारी ह्याच रस्त्यानं सायकल मारत हुतासा काका. दारावरनं जाणं शक्य झालं. दारात येणं तेवढं झालं न्हाय.

शामूकाका : माझं चुकलं असंल. पण थोरल्यानं समजून घ्यायला नको?

ऋतिका : घेतलंय की समजून. पुढल्या महिन्यात माझं लग्न, पत्रिका छापून आल्यात. आप्पा म्हणतोय, शामूला मोबाईलवरच धाडायची. तुमचंच वाक्य घालून.

शामूकाका : थट्टा करालीस.

ऋतिका : थट्टा न्हाय. मला सायकल शिकिवली ती तुमी. मांडवात तुमी दिसला न्हाईसा तर मला रडू आवरायचं न्हाय, आणि लोक म्हणणार, पोरगी सासरला जाताना रडालीय. फाटा आला बघा. आज एकशेचाळीसच्या वर गेलासा, तर पुढल्या रविवारपासनं परत एकट्यानं यायचं.

शामूकाका : एवढ्या सावकाश गेलं तर तो मला पुरता बघणार की गं.

ऋतिका : बघू दे. तुमी बी बघा त्याला. थकलाय तो.

शामूकाका : एकशेसाठ चालंल?

ऋतिका : हे काय कर्जाचं व्याज न्हाय, घासाघीस करायला.

शामूकाका : पाय हळू चालल्यात, आणि छाती धडधडालीय.

ऋतिका : ते ह्या मीटरला दिसत न्हाय. चला. एकशेवीस... ऐंशी... काका, सावकाश म्हटलं मी, थांबा म्हटलं न्हाय.

शामूकाका : थांबतोय मी.

भावकू (ऋतिकाचा आप्पा, कट्ट्यावरून) : कोण हाय ते आमच्या दारात? आमचा शामू तर न्हवं. तो हितनं बंदुकीच्या गोळीगत जातोय.

शामूकाका : अण्णा, मीच.

भावकू : ब्रेक हाईत व्हय तुझ्या सायकलीला?

शामूकाका : अण्णा, चुकलं माझं. अक्षता घेऊन दारात यायला पायजे हुतं मी.

भावकू : तुझ्या वहिनीनं आठ दिवस सडा घालून रांगोळी काढली. आज येतील, उद्या येतील. मी नवं धोतर आणून ठेवलेलं. मग एक दिवस त्या फोनात टिंग झालं. बारीक अक्षर मला दिसंना, शेजारच्यानं वाचून दाखवलं. शेजारच्यानं, शामू.

शामूकाका : मान खाली घालून उभा हाय की मी, अण्णा. आणि काय करू?

भावकू : उभा कुठं हायस? एक पाय खाली, एक पॅडलवर. माफी मागालास का सिग्नलला थांबलायस?

ऋतिका : आप्पा, बास की आता.

भावकू : तू मधी बोलू नको. आत जा, आईला सांग, कुंकवाचा करंडा आणि एक पत्रिका घेऊन ये बाहेर.

ऋतिका : मोबाईलवर धाडणार हुतास न्हवं?

भावकू : धाडणार हुतो. तुझ्या आईनं दोन दिवस जेवाय वाढलं न्हाय. जा तू.

शामूकाका : अण्णा...

भावकू : उतर खाली. सायकलीवर बसल्याला अक्षता देत न्हाईत.