किल्ल्याच्या तटावर आम्ही पाच जणी

अध्यक्ष श्रीरामजी, मंचावरची पाहुणेमंडळी, समोर बसलेल्या सगळ्या ताई-माई आणि दादा-भिया लोक, नमस्कार मी करणारच आहे, पण आधी मला कुणीतरी सांगा, हा फ्लेक्स इथे टांगला कुणी? वर लिहिलंय 'अरुंधतीताईंना भावपूर्ण निरोप', आणि टांगलाय बरोबर अरुंधतीताईंच्याच चित्रावर! जिचा सत्कार, तिचंच काम झाकलं. सकाळी आपल्या सचिवांना, निशांतजींना विचारलं, तर म्हणतात, "काकू, पाहुणे येणार, मागे राक्षस बरा नाही दिसत." अरे भई, राक्षस काय आज आला? वर्षभर इथेच आहे ना?

असो. उभी केलीय तर बोलते. मी कस्तुरी, आपल्या मंडळाच्या या हॉलच्या स्वयंपाकघरातली. तुमच्या मुंजी-साखरपुड्यांचं जेवण आम्हा पाच जणींच्या हातचं. ताई पुण्याहून इथे कॉलेजात चित्रकला शिकवायला आल्या, आणि डबा आमच्याकडून न्यायच्या. डबा राहायचा बाजूला, ओट्याशी बसून आमची तोंडं कागदावर उतरवायच्या. मी म्हणायची, "ताई, आमच्यात काय ठेवलंय बघायला? सरका, पोळी करपतेय."

मग पलासियाच्या गॅलरीत चित्रांचं प्रदर्शन लागलं. आम्हाला मानाने बोलावलं. आत गेले आणि हडबडलेच. प्रदर्शनाचा विषयच तो, भिंतीभर जुना जमाना! किल्ले, चिलखतं, पंखवाले घोडे. कुणीतरी सिमेंटच्या गोण्यांचा अजगर केलेला. आणि मधोमध ताईंचं चित्र. खालून आग ओकत येणारा पंखांचा राक्षस, आणि वर किल्ल्याच्या तटावर कोण? आम्ही! अंगात लोखंडी चिलखत, हातात झारा, लाटणं, सांडशी. आमच्यातल्या देवयानीच्या चिलखतावर तर पिठाची बोटं उमटलेली. विजय नगरची कॉलेजवाली पोरं आमच्याबरोबर सेल्फी घेत होती. खरंच! विचारा कुणालाही.

नंतर मी ताईंना झापलंच. "असं कधी झालं होतं का हो? आम्ही कसल्या लढाया मारतो?"

त्या म्हणाल्या, "काकू, जुन्या चित्रांत लढाई नेहमी राजाची. त्या किल्ल्यात सगळ्यांना जेवू कोण घालत होतं, ते कुणी काढलंच नाही. म्हणून मी काढलं."



दिल्लीचे लोक चित्र मागत होते. ताईंनी ते इथे, या हॉलला दिलं. दिवाळीनंतर आमच्या पाचातल्या वसुंधरामावशी गेल्या. तटावर झारा घेतलेल्या त्या. घरी त्यांचा धड फोटो नाही, म्हणून तेराव्याला त्यांचा मुलगा श्रीहरी इथे आला, चित्राला हार घातला आणि मावशींच्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं. थेट रंगावर! निशांतजी धावले, "क्या कर रहे हो भिया, पेंटिंग खराब हो गई!" ताई जवळ गेल्या, कुंकू निरखलं. म्हणाल्या, "पुसू नका. आता चित्र पुरं झालं."

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि परवा कळतं काय, तर ताई गेल्या की चित्र माळ्यावर! लग्नवाल्यांना चालत नाही म्हणे. श्रीरामजी, बाकीच्या तिन्ही भिंतींवर माजी अध्यक्षांचे फोटो आहेत. सगळे मान्यवर, सगळे आमच्या हातचं जेवलेले. ते लग्नवाल्यांना चालतात का, कधी विचारलंत? आमचं तर एकच चित्र आहे. मावशींचा तेवढाच फोटो आहे.

ताई, बडोद्याला सुखाने जा. तिथलं कॉलेज मोठं आहे, नाव काढाल. डब्याचं मात्र आधी बघा, तुम्हाला जेवायचं भान राहत नाही.

मला बोलायला दिलं, त्याबद्दल मंडळाचे आभार. शाळा चौथीत सुटली, तेव्हा जीभ कुठे घसरली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. उत्तर मात्र पोटात घालू नका. रंगपंचमीला गेर, ती रंगांची मिरवणूक बघायला बाहेरगावची मंडळी येणार, त्यांचं जेवण तुम्ही आम्हाला सांगितलंय. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा, चित्र भिंतीवर की माळ्यावर. कणीक आम्ही त्यानंतरच भिजवू.